इंदूरात बसून समुद्र-गरुडाची पिल्लं कशी बघावी

आधी वेळेचं गणित मांडा, नाहीतर नुसता अंधार बघत बसाल. या समुद्र-गरुडांचं घरटं ऑस्ट्रेलियात, सिडनीच्या ऑलिंपिक पार्कात, पॅरामाटा नदीजवळच्या एका निलगिरी जातीच्या झाडावर आहे. बर्डलाइफ ऑस्ट्रेलिया या पक्षीसंस्थेची मंडळी हंगामात ते यूट्यूबवर थेट दाखवतात. जून-जुलैत सिडनी आपल्यापेक्षा साडेचार तास पुढे असतं. इथे सकाळचे सात म्हणजे तिथे साडेअकरा, आणि आपल्या साडेबाराला तिथे दिवस मावळतो. रात्री जेवून टीव्ही लावलात तर करडं चित्र आणि झोपलेला पक्षी. मी इथे रामबागेत सकाळी पोहे झाले की लावते. पुन्हा अकराच्या सुमारास, कुकर चढवून. शिवाय त्या दिवसांत आपल्याकडे पाऊस, सिरपूर तलावावर पक्षी बघायला तसंही जाणं होत नाही.

अंडी बहुधा दोन, दोन-तीन दिवसांच्या अंतराने. मग साधारण चाळीस दिवस उबवणं. तेव्हा रोज बघितलं नाही तरी चालतं. नर-मादीच्या जोडीत जी अंगाने मोठी ती मादी, एवढं ओळखायला शिका.

पिल्लं निघाली की मात्र एक वही घ्या. वेळ, काय आणलं (मासा, वाम, कधी कुरव पक्षी), कुणी आणलं, कुणी खाल्लं. मासा आला की नजर आईच्या चोचीवर ठेवा: पहिला घास कुणाला, धाकट्याची पाळी आली का, खाऊन कुणाच्या गळ्याखाली फुगवटा दिसतोय. थोरलं धाकट्याच्या डोक्यावर चोची हाणतं, आणि खाणं कमी पडलं तर धाकटं जगेलच असं नाही. शेजारच्या वहिनी विचारतात, "अहो, ते लोक सोडवत का नाहीत?" रानातले पक्षी आहेत; त्यात हात घालू नये हेच बरोबर. नातवंडांसमोर टीव्ही बंद करू नका. मुलांना आपल्याइतका धक्का बसत नाही. त्यांना तर भलतंच आवडतं: पिल्लू पाठमोरं काठाशी सरकतं, शेपटी वर करतं आणि रंगपंचमीच्या गेर-मिरवणुकीतल्यासारखी लांब पिचकारी सोडतं!

पंख फुटले की पिल्लं तपकिरी दिसतात, आईबापांसारखी पांढरी-करडी नव्हे. आधी जागच्या जागी फडफड, मग फांदीवर उडी, आणि अडीच महिने उलटले की पहिली झेप. तिथले करावाँग नावाचे काळे पक्षी त्यांना फार पिटाळतात, त्यामुळे घरटं रिकामं दिसलं तरी लगेच वही मिटू नका. पिल्लं खायला परतही येतात.

हीच जात प्रत्यक्ष बघायची तर हिवाळ्यात कोकण किनारा गाठा. तिथे तेव्हा विणीचा हंगाम असतो. पण लांबून, दुर्बिणीनेच. घरट्याखाली घोळका करू नका.

आणि हो, ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी सिडनीची घड्याळं तासभर पुढे जातात, दिवसही मोठा झालेला असतो. तिथली संध्याकाळ बघायची तर जेवण उरकून साडेबाराला बसा.