कार्मेन माउराचे सिनेमे बघायचेत? मग या क्रमाने बघा

नोव्हेंबरात इफ्फी या चित्रपट महोत्सवाला पणजीत लायनीत उभं राहिलं की कोणीतरी हमखास विचारतं, स्पॅनिश सिनेमा बघायचाय पण सुरुवात कुठून करू. माझं उत्तर ठरलेलं आहे, दिग्दर्शकांची यादी सोडा आणि एक नटी धरा, कार्मेन माउरा. तिच्या मागे मागे गेलात की आल्मोदोव्हार, साउरा, आलेक्स दे ला इग्लेसिया हे सगळे दिग्दर्शक वाटेत भेटतातच, आणि 1975 ला स्पेनचा हुकूमशहा फ्रँको मेल्यावर तिथल्या बायकांचं जगणं कसं बदलत गेलं तेही दिसतं.

पण अगदी सुरुवातीच्या सिनेमांपासून सुरू करू नका. ती 1945 ची, माद्रिदची, नाटकात काम करायची, आणि नाटकातच तिची आल्मोदोव्हारशी ओळख झाली. तो तेव्हा दिवसा टेलिफोन कंपनीत नोकरी करायचा. मित्रमंडळींनी पैसे गोळा करून, सुट्टीच्या दिवशी शूटिंग करत केलेला 'पेपी, लुसी, बोम' 1980 ला आला. त्यातली धमाल खरी आहे पण सिनेमा फारच कच्चा आहे, नवीन माणूस अर्ध्या तासात उठून जातो, मी तीन जणांना असं घालवलंय.

म्हणून सुरुवात 'व्होल्वेर'ने करा, आल्मोदोव्हारचाच, 2006 चा. नावाचा अर्थ परत येणं. पहिल्याच दृश्यात ला मांचामधल्या एका गावात जोराचा वारा सुटलाय आणि बायका फडकी घेऊन थडगी घासतायत, फुलं लावतायत. आपल्याकडे 2 नोव्हेंबरला ख्रिश्चनांच्या सिमितेरीत, म्हणजे दफनभूमीत, मेणबत्त्या लावलेल्या ज्यांनी बघितल्यात त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. कार्मेन यात मेलेल्या आईचं काम करते, म्हणजे लोक तिला मेलेली समजतात, आणि ती मुलीच्या गाडीच्या डिकीतून शहरात येते, खाटेखाली लपते, केस कापायला आलेल्या गिऱ्हाइकांसमोर मुकाट रशियन बाई बनून राहते. खाटेखालून वर बघतानाचा तिचा चेहरा बघा, पकडली गेल्याचं हसू आणि रडू दोन्ही एकदम आहे. या सिनेमासाठी कान्सला पेनेलोपे क्रूसबरोबर सहाही नट्यांना मिळून बक्षीस दिलं होतं.

दुसराही आल्मोदोव्हारचाच, 1988 चा, 'विमेन ऑन द व्हर्ज ऑफ अ नर्व्हस ब्रेकडाऊन', नर्व्हस ब्रेकडाऊनच्या काठावरच्या बायकांचा. हा बघताना डबिंग केलेली कॉपी अजिबात घेऊ नका, मूळ स्पॅनिश आणि खाली सबटायटल. कारण ती यात स्वतःच डबिंग आर्टिस्ट आहे, तिला सोडून जाणारा माणूसही डबिंगवाला, आणि तो सगळं काही आन्सरिंग मशीनवर बोलून मोकळा होतो. स्पेनमध्ये परदेशी सिनेमा स्पॅनिशमध्ये डब करायची सक्ती फ्रँकोने 1941 ला केली होती, त्यामुळे उसन्या आवाजाचं प्रेक्षकांना काही वाटत नव्हतं, ती सवय इथे गोष्टीच्या पोटात आहे. गास्पाचो या थंड टोमॅटो सुपात झोपेच्या गोळ्या, गच्चीवर कोंबड्या, पेटलेली खाट, हे सगळं चालू असताना ती फोन उचलते कशी आणि आपटते कशी एवढंच बघत राहिलात तरी पुष्कळ. हा सिनेमा ऑस्करच्या नॉमिनेशनपर्यंत गेला आणि तिला स्पेनमधला सिनेमाचा गोया पुरस्कार पहिल्यांदा मिळाला, पुढे आणखी तीन मिळाले.

भाषेचं टेन्शन घेऊ नका. पोर्तुगीज ही स्पॅनिशची जवळची बहीण, आमच्या शेजारच्या मामी पोर्तुगीज काळात प्रिमेर ग्राव, म्हणजे प्राथमिक शाळा, शिकलेल्या, त्या सबटायटलकडे न बघता अर्धं समजतात, आणि आपल्यालाही 'मेसा' ऐकलं की मेज कळतं, 'पान' म्हणजे पाव लगेच लागतो. सबटायटल मागेपुढे होत असेल तर व्हीएलसीमध्ये जी आणि एच या कीजनी सरकवता येतं. हे आधी घरी तपासा. आमच्या मंडळात एकदा मी कार्मेनचा सिनेमा न तपासता लावला आणि वाक्य येईपर्यंत बाई दुसऱ्या खोलीत गेलेली असायची, वीस मिनिटांत बंद केला, इतकं वाईट वाटलं, कारण त्यातल्या काही जणांनी परत कधी तिला बघितलंच नाही.

या दोघांनंतर मागे जा, आल्मोदोव्हारचाच 1984 चा 'व्हॉट हॅव आय डन टू डिझर्व धिस', 'माझ्या वाट्याला हे का' असं विचारणाऱ्या ग्लोरियाचा सिनेमा. माझ्या मते तिचं सगळ्यात मोठं काम हेच. मोठमोठ्या बिल्डिंगच्या रांगेत छोटा फ्लॅट, सासू, दोन मुलगे, टॅक्सीवाला नवरा, आणि ही दुसऱ्यांकडे साफसफाई करते आणि गोळ्या खाऊन उभी राहते. सुरुवातीलाच ती जिममध्ये लादी पुसायला गेलेली असते, आत पुरुष लाठी घेऊन जपानी केंदो खेळतात, ते गेल्यावर ती लाठी उचलते आणि एकटीच हवेत फिरवायला लागते. दमलेले खांदे आणि त्यात अचानक आलेलं बळ. हे दृश्य दोनदा बघा, दुसऱ्यांदा आवाज बंद करून.

आल्मोदोव्हारचाच 1987 चा 'लॉ ऑफ डिझायर' मोठ्यांसाठीच, त्यात ती तीना ही ट्रान्स बाई झालीय, उकाड्याच्या रात्री रस्ता धुणाऱ्या पालिकेच्या माणसाला ती म्हणते माझ्यावर पाणी मार, आणि पाईपच्या धारेत भिजत उभी राहते. आपल्या मे महिन्यातली माणसं ही तगमग अंगावर ओळखतील.

1988 नंतर तिचं आणि आल्मोदोव्हारचं फाटलं. 1990 च्या गोया सोहळ्यात त्याने तिला बर्लिनच्या भिंतीचा तुकडा दिला, आपल्यातलीही भिंत पडू दे म्हणून, तरी एकत्र सिनेमा व्हायला 2006 उजाडलं. हे कळल्यावर 'व्होल्वेर' पुन्हा लावा, परत येणं हा शब्द आता तिच्याबद्दलचाही वाटेल.

मधल्या काळातला 'ला कोमुनिदाद', आलेक्स दे ला इग्लेसियाचा, 2000 चा, हाऊसिंग सोसायटीत राहणाऱ्यांनी तर चुकवूच नये, मेलेल्या म्हाताऱ्याच्या फ्लॅटमध्ये तिला 30 कोटी पेसेटा (स्पेनचं तेव्हाचं चलन) सापडतात आणि सगळे शेजारी त्या पैशावर टपलेले. पंचावन्न वर्षांची बाई गच्चीवरून पळते, लटकते, आणि मेन रोल तिचाच.

सगळ्यात शेवटी 'आय कार्मेला', 1990, दिग्दर्शक कार्लोस साउरा, ज्यांना 2022 ला इथे गोव्यातच सत्यजित राय जीवनगौरव दिला आणि पुढच्या फेब्रुवारीत ते गेले. हा एकट्याने बघू नका, जत्रेच्या नाटकात तोंडाला रंग लावलेली माणसं बोलवा. स्पेनच्या यादवी युद्धातली फिरती नटमंडळी आहे, नवरा-बायको आणि पाटीवर लिहून बोलणारा मुका पोरगा, धुक्यात वाट चुकून ते शत्रूच्या हातात सापडतात आणि आता त्याच शत्रूसमोर खेळ करायचा असतो. मी आमच्या गावच्या मंडपात पंधरा वर्षं कामं केली, विंगेत उभं राहून आत जाऊ की नको असं पोटात होतं ते मला माहीत आहे, आणि शेवटच्या खेळात कार्मेन विंगेतून समोर बसलेल्या कैद्यांकडे बघते तेव्हा तेच होतं, फक्त तिथे जीव पणाला लागलेला असतो. आमच्याकडे हा लावला त्या रात्री प्रॉम्प्टिंग करणारे काका संपल्यावरही खुर्चीवरून उठले नाहीत, म्हणाले दिवे लगेच लावू नका. तुम्हीही लावू नका, नावं पूर्ण वर जाऊ दे, चहा नंतर.