व्हर्च्युअल बॉयवर बेसबॉल: आधी डोळे सेट करा, मग बॅट

केमको कंपनीचा व्हर्च्युअल लीग बेसबॉल, १९९५ चा गेम, निन्टेंडोच्या व्हर्च्युअल बॉयवरचा, म्हणजे डोळे लावून आत ३डी बघायच्या कन्सोलवरचा. अख्ख्या कन्सोलचे गेम मोजून २२, त्यातला हा एक. बरेच जण पाच मिनिटं खेळतात, डोकं धरतात आणि भंगार म्हणून सोडून देतात, पण अर्ध्या वेळा गडबड गेमची नसते, सेटिंगची असते.

मशीन आधी तुमच्या उंचीला आणा. ते डोक्याला बांधायचं नसतं, टेबलवर स्टँडवर असतं, त्यामुळे मान वाकवून बसलात की दहा मिनिटांत मान गेलीच समजा. टेबल खुर्ची जुळवा. सुरू केल्यावर चार कोपऱ्यात खुणा दिसतात, त्या चारही नीट दिसेपर्यंत दोन डोळ्यांमधल्या अंतराचं डायल फिरवा, मग फोकसचा स्लायडर. ही स्क्रीन घाईघाईत स्किप करू नका प्लीज, कारण बॉल किती लांब आहे हे डोळ्याला याच्यावरूनच कळणार, आणि बॅटिंगचं टायमिंग सगळं तिथेच. ऑटो पॉझ (डोळ्यांना विश्रांती म्हणून गेम आपोआप थांबणं) विचारला तर चालू ठेवा. डिस्प्लेत आडव्या रेषा किंवा पट्टे गायब दिसत असतील तर तो जुना आजार आहे, आतल्या रिबन केबलचा गोंद सुटतो, सोल्डरिंग येणाऱ्याकडून करून घ्या.

आता बॅटिंग. आपल्याला क्रिकेटची सवय, दिसला बॉल की फिरवली बॅट, आणि इथे तेच नडतं. स्ट्राइक झोनच्या, म्हणजे बॅटरसमोरच्या ठरलेल्या चौकटीच्या, बाहेरचा बॉल सरळ सोडा, असे चार बॉल झाले की फुकटात पहिला बेस (रन काढायच्या वाटेवरचा पहिला टप्पा) मिळतो, उलट बाहेरच्यावर फिरवून चुकलात तर स्ट्राइक, तीन झाले की आऊट. फाऊल लाइनच्या (मैदानाच्या दोन बाजूंच्या हद्दीच्या रेषा) बाहेर मारलात तर त्यात रन नाही, आणि पहिले दोन स्ट्राइक फाऊलनेही चढतात. म्हणून सुरुवातीचे दोनतीन पिच, म्हणजे टाकलेले बॉल, नुसते बघा, पिचरच्या हातातून निघालेला बॉल मोठा होत होत अंगावर येतो, तो स्पीड डोक्यात बसला की मग बॅट.

बॉलिंग, म्हणजे पिचिंग, करताना तोच तोच स्पीड देत बसू नका, एक फास्ट एक स्लो असं केलं की समोरचा लवकर फिरवून बसतो.

टीम देशांच्या आहेत, अमेरिकन लीगचे क्लब शोधत बसू नका, लायसन्सच नाही. दुसरा प्लेअरपण नाही, दोन मशीन जोडायची केबल निन्टेंडोने कधी काढलीच नाही.

मशीन नसेल तर होमब्रू (कंपनीबाहेरच्यांनी बनवलेले प्रोग्राम) चालणाऱ्या निन्टेंडो ३डीएसवर रेड व्हायपर हा एम्युलेटर, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम, टाका, चष्म्याशिवाय खरी खोली दिसते, मला तर तेच जास्त आवडतं. पीसीवर मेडनाफेन हा एम्युलेटर, लाल-निळ्या चष्म्याचा मोड आहे त्यात. साध्या सपाट स्क्रीनवरही चालतो, पण मग एवढा खटाटोप कशाला, त्यापेक्षा सुपर निन्टेंडोवर बेसबॉलचे चांगले गेम पडलेत.