नाल्याच्या तोंडाशी क्लोरीनची टाकी

नांदेडात मृगाचा पहिला दणका बसला की गटाराचं अन् पावसाचं पाणी एकाच नाल्यातून गोदावरीकडं धावतं. तिथं नदीत जाण्याआधी या पाण्यातले जंतू क्लोरीननं मारायची टाकी बांधायची तर आधी जाळी बघा. पहिल्या कामात मी नुसती बारीक जाळी बसवली; अर्ध्या तासात दुधाच्या पिशव्या, चपला अन् एक अख्खी गोधडी अडकली, पाणी उलटं रस्त्यावर! आता पुढं जाड गज, मागं बारीक जाळी, अन् वरून ओसंडायला वाट ठेवतो.

टाकीचा हिशेब सोपा: सेकंदाला 100 लिटर पाणी, क्लोरीनशी 15 मिनिटं संपर्क, म्हणजे 90 घनमीटर. आत आडव्या भिंती घालून पाणी नागमोडी फिरवा, नाहीतर ते सरळ पळतं. लिटरला 15 मिलिग्रॅम मात्रा धरली तर 10 टक्क्यांचं हायपोक्लोराइट (क्लोरीन देणारं द्रावण) सेकंदाला साधारण 15 मिलिलिटर लागतं. पण मात्रा नमुना तपासूनच ठरवा. पहिला लोंढा गढूळ, क्लोरीन खातो.

हायपोक्लोराइट एप्रिलात भरून ठेवू नका, पत्र्याखाली त्याचा जोर उतरतो. मेअखेर आणा, सावलीत ठेवा, शेजारी अ‍ॅसिड नको. नदीत सोडण्याआधी सोडियम बायसल्फाइटनं उरलेला क्लोरीन मारा, नाहीतर मासे मरतात.