सिंथचे नॉब कोण फिरवणार? देवपुरातल्या छोट्या स्टुडिओतले अनुभव

धुळ्याच्या देवपुरातल्या आमच्या खोलीला स्टुडिओ म्हणणं म्हणजे जरा जास्तच. दहा बाय बाराची जागा, भिंतीला फोम, एक जुना कॉम्प्युटर, रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर आणि चार नॉबचा मिडी कीबोर्ड. इथे बहुतेक अहिराणी गाणी होतात. लग्नसराईची, कानबाईची, निवडणूक आली की प्रचाराची. ढोलकी आणि बँजो वाजवायला माणसं मिळतात, बाकीचं सगळं सॉफ्टवेअर सिंथवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतच सूर तयार करणाऱ्या वाद्यावर. तेव्हा तो सिंथ जिवंत वाटला पाहिजे ही जबाबदारी माझ्यावर, आणि सुरुवातीची दोन वर्षं मला ती अजिबात जमत नव्हती.

एक कानबाईचं गाणं करत होतो. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, त्यामुळे ही गाणी आषाढातच तयार लागतात. सुरुवातीला आठ बार नुसता सिंथचा लांब सूर, मग ढोलकी, मग गायिका. गाणाऱ्या मावशींनी हेडफोन लावला, ऐकलं आणि म्हणाल्या, "भाऊ, हाई ते पिठनी गिरणी चालू शे."

त्यांचं खरंच होतं. गाण्याचा टेम्पो 96. चार मात्रांचा एक बार अडीच सेकंदांचा, आठ बार म्हणजे 20 सेकंद. एवढा वेळ एकच सूर, एकाच रंगाचा, तसूभर न बदलता. पेटीवाला हाच सूर धरून बसला असता तरी भात्याचा दाब थोडा कमी-जास्त झालाच असता. सिंथला भाता नाही. त्याचे नॉब कुणीतरी फिरवायला हवेत, आणि ते फिरवणं सॉफ्टवेअरमध्ये नोंदवून ठेवणं म्हणजे ऑटोमेशन.

मी काय केलं? यूट्यूबवर बघून कटऑफ या नॉबची लेन, म्हणजे त्याची चाल काढायची जागा, उघडली आणि शून्यापासून वरपर्यंत एक सरळ रेघ ओढली. पहिले दोन बार जवळजवळ शांतता, मग हळूहळू आवाज, आणि शेवटी कान फाटतील एवढा करकरीत. मावशी काही बोलल्या नाहीत, नुसत्या हसल्या.

चूक कुठे होती ते नीट सांगतो, कारण नव्या मुलांचं पहिलं ऑटोमेशन हमखास इथेच फसतं. कटऑफ म्हणजे फिल्टर कुठल्या कंपनसंख्येच्या वरचा आवाज कापणार ती जागा. बहुतेक सिंथमध्ये हा नॉब समान अंतरावर समान हर्ट्‌झ देत नाही, समान सप्तकं देतो. समजा नॉब 20 हर्ट्‌झपासून 20,000 हर्ट्‌झपर्यंत जातो. त्याचा मध्य 10,000 नसतो, साधारण 630 असतो. पाव भागावर फक्त 112 हर्ट्‌झ. माझा सूर होता 130 हर्ट्‌झच्या आसपासचा. म्हणजे रेघेच्या पहिल्या पाव भागात फिल्टर मूळ सुराच्याही खाली बसलेला. ऐकू काय येणार, कप्पाळ?

उपाय साधा आहे. आधी गाणं चालू ठेवून नॉब हाताने फिरवायचा आणि तो कुठून कुठपर्यंत कामाचा आहे ते कानाने शोधायचं. नॉबची पूर्ण फेरी 0 ते 1 धरली तर त्या सुराला 0.35 ते 0.7 एवढीच पट्टी उपयोगाची निघाली, म्हणजे साधारण 225 ते 2,500 हर्ट्‌झ. सगळी हालचाल तेवढ्यातच ठेवली. पहिले चार बार सावकाश चढ, पाचव्यात किंचित उतार, सातव्याच्या शेवटी पुन्हा चढ, आणि ढोलकीची पहिली थाप पडते तिथे झटकन खाली, म्हणजे ढोलकीला जागा मिळते.

इथे शब्दांचा एक घोळ आहे, तो आत्ताच सोडवून टाकू. रीपर ऑटोमेशनच्या रेघेला एन्व्हलप म्हणतं. सिंथच्या आतही एन्व्हलप असतो, तो मात्र वेगळा. की दाबल्यावर सूर कसा उठतो, टिकतो आणि विरतो हे तो ठरवतो, आणि प्रत्येक सुराला नव्याने सुरू होतो. ऑटोमेशनची रेघ गाण्याच्या घड्याळावर चालते, तुम्ही किती सूर वाजवले याच्याशी तिला देणंघेणं नाही. आमच्याकडे शिकायला आलेल्या एका मुलाने अख्खा दिवस सिंथच्या एन्व्हलपमधले पॉइंट ओढून कडव्यात फरक पडतोय का ते पाहिलं होतं. पडत नाही.

आता नोंद करण्याचे मोड. रीडमध्ये सॉफ्टवेअर फक्त लिहिलेलं वाचतं. टचमध्ये नॉब धरलाय तेवढा वेळ नवीन लिहितं, सोडला की जुन्या रेघेवर परत. लॅचमध्ये सोडल्यावरही शेवटची किंमत पुढे लिहीत राहतं, प्लेबॅक थांबेपर्यंत. आणि राइट. राइटपासून लांब राहा. तो प्ले दाबल्याबरोबर जुनं सगळं पुसत जातो, तुम्ही नॉबला हात लावला नाही तरी. एकदा ट्रॅक राइटमध्येच राहिला आणि मी गिऱ्हाइकाला गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत कौतुकाने ऐकवलं. तासाभराचं काम त्याच्या डोळ्यांदेखत पुसलं गेलं आणि दोघांनाही पत्ता नाही. लक्षात आलं असतं तर अनडू होतंच, पण तोवर मी चहा प्यायला जाताना फाइल सेव्ह करून बंद केली होती.

माउसने काम करताना टच उत्तम. साध्या मिडी नॉबला मात्र बोट टेकलंय की उचललंय हे कळत नसतं, म्हणून तिथे मी लॅच वापरतो आणि काम झालं की लगेच रीडवर येतो.

मिडी नॉबची आणखी एक भानगड. मिडी म्हणजे वाद्यं आणि कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात ती भाषा. तिचं मानक 1983 चं आहे आणि साध्या कंट्रोल मेसेजमध्ये किमती 0 ते 127 अशा 128 च असतात. एरवी त्या पुरतात. पण माझ्या कामाची पट्टी होती 0.35 ते 0.7, तिच्या वाट्याला आल्या जेमतेम 44 पायऱ्या. वीस सेकंदांत 44 पायऱ्या म्हणजे साधारण दर अर्ध्या सेकंदाला एक. रेझोनन्स, म्हणजे कटऑफजवळचा आवाज उठवणारा नॉब, वाढवलेला असेल तर या पायऱ्या चक्क ऐकू येतात, चढण न वाटता जिना वाटतो. काही सिंथ आतल्या आत त्या गुळगुळीत करून घेतात, काही नाही. म्हणून मी नॉबने नोंद करतो ती फक्त हाताची चाल पकडायला. मग रेघ मोठी करून बघतो, मधले पन्नास-साठ पॉइंट उडवतो, वळणावरचे चार-पाच ठेवतो आणि त्यांच्यामधला आकार सरळ न ठेवता वक्र करतो. लेनमधली किंमत दशांशात असते, त्यामुळे जिना नाहीसा होतो. चाल हाताची राहते, खडबडीतपणा जातो.

उलट, फिल्टरचा प्रकार किंवा ऑसिलेटरची, म्हणजे मूळ सूर तयार करणाऱ्या भागाची, लहर अशा गोष्टी मुळातच पायऱ्यांच्या असतात. तिथे वक्र रेघ ओढाल तर मधले सगळे पर्याय खडखडत जातील. चौकोनी आकार ठेवा, आणि शक्यतो दोन सुरांच्या मधल्या मोकळ्या जागेतच बदल करा, नाहीतर टिकटिक येते.

आणि जे सतत धडधडतं ते हाताने काढत बसू नका. दर मात्रेला उघडझाप हवी असेल तर सिंथमधला एलएफओ, म्हणजे नॉब आपोआप वरखाली करणारी संथ लहर, टेम्पोला बांधा आणि ऑटोमेट करायचंच तर ती लहर नॉबला किती हलवते तेवढंच करा. माझ्या एका जुन्या प्रोजेक्टमध्ये मी अशी 200 त्रिकोणी टेकाडं माउसने काढलेली आहेत. टेम्पो दोनने वाढवायला सांगितला तेव्हा सगळी गाण्याबाहेर गेली, कारण ती लेन सेकंदांना बांधलेली होती, मात्रांना नाही.

त्याच जातीचा दुसरा अपघात. गाणं झालं आणि निर्माता म्हणाला, आधी देवीचा जयजयकार घाला. मी सगळे क्लिप, म्हणजे ट्रॅकवरचे सुरांचे तुकडे, उचलून आठ बार पुढे नेले. सूर पुढे गेले, ऑटोमेशन जागच्या जागी राहिलं. कडव्यातला शांत सूर मुखड्यात आला, मुखड्यातली उसळी जयजयकारात. रीपरमध्ये क्लिपसोबत एन्व्हलपचे पॉइंटही हलवण्याचा पर्याय आहे, तो चालू आहे का हे सरकवण्याआधी बघा. मिडी क्लिपच्या आत लिहिलेले कंट्रोल मेसेज मात्र क्लिपसोबतच जातात. म्हणून एका सुराच्या लकबीसाठी मी क्लिपमध्ये लिहितो, आणि अख्ख्या गाण्याच्या चढ-उतारासाठी ट्रॅकवर.

सगळ्यात मोठा दणका बसला तो एका प्लगइनच्या, म्हणजे रीपरच्या आत चालणाऱ्या सिंथच्या, अपडेटने. नाव नाही घेत. ऐन मे महिना, बाहेर 44 डिग्री, आत कॉम्प्युटरचा पंखा जिवाच्या आकांताने फिरतोय आणि संध्याकाळी लग्नाचं गाणं द्यायचं. प्रोजेक्ट उघडला तर कटऑफची रेघ पॅन, म्हणजे आवाजाची डावी-उजवी बाजू, हलवतेय आणि रेझोनन्सची रेघ एका ऑसिलेटरचा आवाज. सगळं एक घर सरकलेलं. रीपरची आरपीपी फाइल साधी मजकुराची असते, नोटपॅडमध्ये उघडते. तिच्यात पाहिलं तेव्हा उलगडा झाला. रेघ कटऑफच्या नावाला नाही, पॅरामीटरच्या, म्हणजे यादीतल्या त्या नॉबच्या, क्रमांकाला बांधलेली होती. नव्या आवृत्तीत त्यांनी यादीच्या मधोमध एक नवीन पॅरामीटर घुसवला आणि त्याखालचे सगळे क्रमांक बदलले. व्हीएसटी 2 या प्लगइनच्या जुन्या मानकात ओळख क्रमांकावरच चालते. 2008 साली आलेल्या व्हीएसटी 3 मध्ये प्रत्येक पॅरामीटरला स्वतःचा आयडी असतो, तिथे हे सहसा होत नाही. त्या संध्याकाळी जुनी आवृत्ती शोधून टाकली आणि सुटलो. तेव्हापासून काम हातात असताना अपडेट करत नाही, आणि जुन्या इन्स्टॉलरचा एक फोल्डर पेन ड्राइव्हवर ठेवतो.

त्याच दणक्यानंतर मॅक्रोची, म्हणजे एकाच वेळी अनेक नॉब फिरवणाऱ्या नॉबची, सवय लागली. व्हायटल या सिंथमध्ये चार मॅक्रो आहेत, सर्ज एक्सटीमध्ये आठ. दोन्ही फुकट मिळतात, शिकायला त्यांवरच बसा. एका मॅक्रोला कटऑफ, थोडा रेझोनन्स आणि रिव्हर्बचं प्रमाण असं तिन्ही जोडायचं, प्रत्येकाची पट्टी तिथेच ठरवायची, आणि गाण्यात फक्त त्या मॅक्रोची एक रेघ. प्रीसेट, म्हणजे सिंथमधला तयार आवाज, बदलला तरी नव्या प्रीसेटमध्ये मॅक्रो पुन्हा जोडला की तीच रेघ चालते. सरळ कटऑफवर लिहिलेलं असेल तर 0.35 ही किंमत नव्या आवाजाला लागू पडेलच असं नाही. एका ट्रॅकवर तीनपेक्षा जास्त रेघा दिसल्या की मी स्वतःलाच विचारतो, बाबा रे, नक्की काय ऐकवायचंय?

एक किरकोळ पण गोंधळात टाकणारी गोष्ट. रेघ लिहिलेली असताना तुम्ही नॉब फिरवता आणि तो टुणकन परत जागेवर येतो. प्लगइन बिघडलेलं नाही. रीड मोड आपलं काम करतोय. प्रयोग करायचा असेल तर ती लेन तात्पुरती बायपास करा.

गाणं मंजूर झालं की प्रत्येक सिंथ ट्रॅक ऑडिओत रेंडर करून ठेवतो, ऑटोमेशनसकट. लाइट गेली, कॉम्प्युटर बदलला, प्लगइन मेलं, तरी वेव्ह फाइल वाजते. मूळ सिंथचा ट्रॅक पुसत नाही, म्यूट करून खाली सरकवतो.

कानबाईचं ते गाणं चौथ्या दिवशी मावशींना पुन्हा ऐकवलं. आठ बार डोळे मिटून ऐकले, ढोलकी पडली तशी मान डोलली. मी वाट बघतोय.

"आते बरं शे," त्या म्हणाल्या. "पन मना आवाज जरासा वाढाव ना भो."