कथक कॅमेऱ्यात उतरवताना

नागपुरात आपल्या शिष्येचा वा मैत्रिणीचा कथक चित्रित करायचा असेल, तर कॅमेऱ्याआधी वही उघडावी. तीनतालाच्या 16 मात्रांत चक्कर कुठे सुरू होतात, तिहाई (तीनदा येणारा तोच बोलसमूह) कुठून उठते आणि सम (तालाची पहिली मात्रा) कुठे येते, हे बोलांखाली (नाचाच्या तालबद्ध अक्षरांखाली) लिहून काढले की शॉट कुठे बदलायचा हे बरेचसे तिथेच ठरते.

मग चौकट. 1930च्या दशकात हॉलिवूडमध्ये नर्तक-अभिनेता फ्रेड अ‍ॅस्टेअर पूर्ण शरीर दिसेल अशा, शक्यतो सलग शॉटचा आग्रह धरत असे, तर त्याच काळात नृत्यदिग्दर्शक बझ्बी बर्कली वरून कॅमेरा लावून नर्तकींची फुले आणि चक्रे करत होता. कथकसाठी मी पहिल्याच्या बाजूने आहे, कारण तत्काराचे (तालावरच्या पदन्यासाचे) पाय चौकटीबाहेर कापले तर उरते ते नुसते हातवारे. कॅमेरा कंबरेच्या उंचीवर ठेवावा. वरून खाली झुकवल्यास पाय आखूड दिसतात. चेहरा जवळून घ्यायचाच असेल, तर तो अभिनयाच्या जागी घ्यावा, तत्कारात नव्हे.

गच्चीवर चित्रण करायचे असल्यास सूर्य वर येण्याआधी आटोपावे. मे महिन्यात इथला पारा 45 अंशांपर्यंत चढतो आणि फरशीवर अनवाणी पाय ठेववत नाही. सभागृहात वेगळीच अडचण असते: आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे सेकंदाला 25 फ्रेम आणि 1/50 शटर ठेवले नाही, तर काही दिवे पडद्यावर लुकलुकतात.

घुंगरांचा आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर, पायांजवळ घ्यावा आणि त्याआधी कूलर बंद करावा. माझ्या पहिल्या चित्रणात तो चालूच राहिला, आणि सगळ्या तत्कारामागे खसच्या ताट्यांतून टपटपणारे पाणी ऐकू येत होते.

संथ गतीचा शॉट हवा असल्यास गाणे दुप्पट वेगाने वाजवून 50 फ्रेमने चित्रण करावे. तेच 25 फ्रेमने दाखवले की हालचाल तरंगते, पण पाय तालावरच पडतात.

संकलनात चक्कर मध्येच तोडू नये. समेवर कट हवा असेल, तर पाऊल पडण्याच्या दोन-तीन फ्रेम आधी करावा, म्हणजे नव्या दृश्यावर नजर बसते न बसते तोच आघात येतो. शेवटी आवाज बंद करून पडद्याकडे पाहत पढंत, म्हणजे तेच बोल तोंडाने, म्हणावी. जिथे जीभ अडखळेल, तिथला कट पुन्हा तपासावा.