मोठ्या वयात अलाइनर लावायचे की नाही, हे कसं ठरवावं

अलाइनर म्हणजे दात सरळ करण्यासाठी एकामागून एक दातांवर घालायचे प्लास्टिकचे साचे. त्यांनाच ट्रे म्हणतात. पण चाळिशीत दात सरकतात का? सरकतात. दात हाडात सिमेंटसारखा बसवलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ थर असतो. दातावर हलका पण सतत दाब राहिला, की दाबाच्या बाजूचं हाड हळूहळू विरघळतं आणि मागे राहिलेल्या जागेत नवं हाड भरतं. शाळकरी मुलात हे घडतं तसंच पन्नाशीच्या माणसातही घडतं, फक्त थोडं सावकाश. म्हणजे वयाची अडचण नाही. अडचण येते ती हिरड्यांची आणि दिनक्रमाची, म्हणून किंमत विचारण्याआधी या दोन गोष्टी तपासून घ्याव्यात.

आधी हिरड्या, मग दात

ब्रश करताना रक्त येतं का? दातांच्या मुळाशी पिवळट-काळपट कीटण साचलं आहे का? पूर्वी जुळलेल्या पुढच्या दातांत अलीकडे फट पडली आहे का? यातल्या एकाचंही उत्तर 'हो' असेल, तर अलाइनरची चौकशी बाजूला ठेवून आधी दात साफ करून घ्या. हिरड्यांचा आजार चालू असताना दात सरकवले, तर विरघळलेलं हाड पुन्हा नीट भरत नाही आणि सरळ झालेला दात हलायला लागतो. डॉक्टर बारीक खुणा असलेल्या सळईने दात आणि हिरडी यांमधली खोली मोजतात. १ ते ३ मिलिमीटर ठीक. ४ किंवा त्याहून जास्त आणि सोबत रक्त, तर आधी हिरड्यांचे उपचार आणि काही आठवड्यांनी पुन्हा मोजणी. हे मोजमाप न करता थेट दातांचं माप घेणाऱ्या स्कॅनरकडे नेणारं क्लिनिक असेल, तर तिथे थांबू नका.

तंबाखू, गुटखा, सिगारेट आणि मिश्री यांचा इथे थेट संबंध आहे. मिश्रीला अनेक घरांत अजूनही व्यसन समजत नाहीत, पण ती तंबाखूच आहे आणि हिरडीवरच घासली जाते. तंबाखूने हिरड्यांचा रक्तपुरवठा कमी होतो, रक्त येणंही कमी होतं आणि आजार झाकला जातो. त्यामुळे 'रक्त येत नाही, म्हणजे हिरड्या चांगल्या' हा हिशेब तंबाखू वापरणाऱ्याला लागू पडत नाही. मधुमेह असेल तर तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट सोबत न्या. हाडं ठिसूळ झाल्याबद्दल अलेंड्रोनेट किंवा झोलेड्रोनिक अॅसिडसारखं औषध चालू असेल किंवा पूर्वी घेतलं असेल, तर ते आवर्जून सांगा. ही औषधं हाड विरघळण्याची क्रियाच रोखतात आणि दात सरकतो तो त्याच क्रियेवर.

पुढची पायरी म्हणजे तोंडातल्या जुन्या कामांची यादी. इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवलेला कृत्रिम दात, अजिबात सरकत नाही, कारण त्याच्याभोवती तंतूंचा तो थरच नसतो. ब्रिजमध्ये जोडलेले दात सुटे सरकवता येत नाहीत. रूट कॅनल झालेला दात सरकतो, पण त्याच्यावरच्या सिरॅमिक कॅपला अटॅचमेंट, म्हणजे ट्रेला पकड मिळावी म्हणून चिकटवायचा छोटा उंचवटा, नीट चिकटत नाही. कीड भरायची असेल, कॅप बदलायची असेल, अक्कलदाढ काढायची असेल, तर ते स्कॅनच्या आधी उरकून घ्या. ट्रे तोंडाच्या त्या दिवशीच्या मापाचे बनतात. मध्येच एखाद्या दाताचा आकार बदलला, की उरलेले सगळे ट्रे बसेनासे होऊ शकतात.

कोणतं काम अलाइनरचं, कोणतं तारांचं

अलाइनरचं प्लास्टिक साधारण पाऊण मिलिमीटर जाडीचं असतं आणि तो दातांवर घट्ट बसतो. प्रत्येक ट्रे आधीच्या ट्रेपेक्षा किंचित वेगळा असतो आणि एका दाताला एका वेळी सुमारे ०.२५ मिलिमीटर सरकवतो. एखादा दात ३ मिलिमीटर आत घ्यायचा असेल, तर किमान बारा ट्रे लागणार, हे या आकड्यावरूनच कळतं.

पुढच्या दातांतल्या लहान फटी, खालच्या दातांची थोडी गर्दी, लहानपणी तारा लावून रिटेनर (सरळ झालेले दात जागेवर धरून ठेवणारं साधन) सोडून दिल्यामुळे परत वाकडे झालेले दात: ही कामं अलाइनर चांगली करतो. गोलसर आकाराचे दात, म्हणजे सुळे आणि त्यांच्यामागच्या लहान दाढा, जागच्या जागी फिरवणं त्याला जड जातं, कारण गुळगुळीत प्लास्टिकला धरायला कोपराच मिळत नाही. दात हाडातून खाली ओढणं त्याहून अवघड. दात काढून झालेली मोठी जागा भरताना दाताचा माथा झुकतो आणि मूळ मागे राहतं. जबडाच पुढे-मागे असेल, तर तो प्रश्न एकट्या अलाइनरच्या आवाक्यातला नाही.

कॉम्प्युटरवर दिसणारा 'आधी आणि नंतर'चा व्हिडिओ म्हणजे योजना आहे, भविष्य नव्हे. इनव्हिझलाइन या अलाइनरच्या प्रसिद्ध ब्रँडवर २००९ साली झालेल्या एका अभ्यासात ठरवलेल्या हालचालीपैकी सरासरी ४१ टक्केच प्रत्यक्षात दिसली आणि दात खाली ओढण्याच्या कामात तर जेमतेम ३० टक्के. २०२० साली तशीच मोजणी पुन्हा झाली, तेव्हा सरासरी ५० टक्क्यांवर आली होती. याचा अर्थ निम्म्यांचे दात सरळ होत नाहीत असा नाही. पहिला संच संपल्यावर पुन्हा स्कॅन, पुन्हा ट्रे, म्हणजेच 'रिफाइनमेंट', हा उपचाराचा नेहमीचा भाग आहे, अपवाद नाही, असा त्याचा अर्थ आहे. वेळेचा हिशेब तसाच करा. २४ ट्रे, प्रत्येकी १० दिवस, म्हणजे ८ महिने. त्यात रिफाइनमेंटचे १० ट्रे धरले की आणखी १०० दिवस. कोणी 'सहा महिन्यांत होईल' म्हणालं, तर ट्रे किती आणि एक ट्रे किती दिवसांचा, हे विचारून गुणाकार तिथेच करून बघा.

बावीस तासांची परीक्षा, घरच्या घरी

ट्रे दिवसाचे २० ते २२ तास तोंडात हवेत. खाताना काढायचे आणि पाण्याशिवाय काहीही पिताना काढायचे. गरम चहाने प्लास्टिकचा आकार बिघडतो, आणि साखरेचा चहा ट्रेच्या आत शिरला तर दातांवर तासन्‌तास साचून राहतो. लाळ तिथे पोचून तो धुऊ शकत नाही. कीड लागायला याहून सोयीची जागा नाही.

पैसे भरण्याआधी तीन दिवस एक कागद जवळ ठेवा. त्यातला एक दिवस सुट्टीचा असू द्या. पाण्याशिवाय काहीही तोंडात गेलं की सुरुवातीची आणि शेवटची वेळ लिहा, आणि प्रत्येक वेळेत चूळ भरून ट्रे परत घालायची ५ मिनिटं मिळवा. एक नमुना बघा. सकाळचा चहा १५ मिनिटं, नाश्ता २०, अकराचा चहा १५, जेवण ३०, चारचा चहा-बिस्कीट २०, रात्रीचं जेवण ४०. झाली १४० मिनिटं. सहा वेळांची वरची ५-५ मिनिटं धरून १७०. म्हणजे चोवीस तासांतून पावणेतीन तासांहून थोडे जास्त गेले आणि उरले एकवीस तास. हा माणूस काठावर पास. चहा दोनदाच घेतला, तर आरामात. पण ज्याचा कागद साडेचार-पाच तास दाखवतो, टेबलावर कटिंगचा ग्लास तासभर राहतो किंवा दिवाळीत येता-जाता चकली तोंडात जाते, त्याने स्वतःला फसवू नये. त्याच्यासाठी तारा बऱ्या. तारा काढता येत नाहीत, हाच त्यांचा मोठा गुण. तार धरणारे दातावरचे तुकडे सिरॅमिकचे (सिरॅमिक ब्रॅकेट) लावले तर त्या फारशा उठूनही दिसत नाहीत.

आणखी एक गोष्ट. पहिले काही दिवस बोलताना स, श, च, ज हे उच्चार किंचित जड होतात. बहुतेकांचं आठवड्याभरात सुरळीत होतं. शिकवणं, निवेदन किंवा कीर्तन हा व्यवसाय असेल, तर पहिला ट्रे सुट्टीच्या सुरुवातीला घाला आणि रोज वीस मिनिटं मोठ्याने वाचा.

डॉक्टर, योजना आणि पैसे

अलाइनर बीडीएस डॉक्टरही देऊ शकतात आणि लहानशा फटीसाठी तेवढं पुरतं. पण चावा, म्हणजे वरचे-खालचे दात एकमेकांवर बसण्याची पद्धत, बदलायचा असेल, दात काढायचे असतील किंवा हाड आधीच कमी झालेलं असेल, तर ऑर्थोडॉन्टिक्स (दात सरळ करण्याची शाखा) या विषयात एमडीएस केलेलेच डॉक्टर गाठा. तपासणीत दातांचा स्कॅन किंवा माप, फोटो आणि सगळ्या दातांचा एक्स-रे म्हणजे ओपीजी हवाच. चाव्याचा प्रश्न असेल तर डोक्याचा बाजूने घेतलेला एक्स-रेही लागतो. मुळं आणि हाड फक्त एक्स-रेतच दिसतं, स्कॅनरला दिसत नाही.

व्हिडिओ दाखवतील तेव्हा तो थांबवून हे विचारा. अटॅचमेंट किती आणि पुढच्या दातांवर किती? हे उंचवटे दाताच्याच रंगाचे असतात. ट्रे काढला की ते दिसतात आणि जिभेला खरखरीत लागतात. दातांच्या मध्ये घासायचं आहे का, किती ठिकाणी आणि किती? दर फटीत ०.१ ते ०.५ मिलिमीटर घासणं ही मान्य पद्धत आहे. पुढच्या सहा दातांमधल्या पाच फटींत ०.४ प्रमाणे घासलं की २ मिलिमीटर जागा मिळते आणि दात काढणं टळू शकतं. पण घासलेलं आवरण पुन्हा येत नाही, म्हणून आकडा आधी कळायला हवा. तिसरा प्रश्न मोठ्या माणसांनी हमखास विचारावा: दात सरळ झाल्यावर हिरडीजवळ काळी त्रिकोणी फट दिसेल का? एकमेकांवर चढलेले खालचे दात सुटे झाले की ती पुष्कळदा उघडी पडते. आधी कळली तर घासण्याने किंवा दाताच्या रंगाचं भरण करून ती कमी करता येते. नंतर कळली तर नुसती निराशा होते.

किमतीत मोठी तफावत आहे. धातूच्या तारा साधारण ३०-४० हजारांपासून सुरू होतात. अलाइनर ६०-७० हजारांपासून ३ लाखांच्या पुढेही जातात. बहुतेक आरोग्य विम्यांत हा खर्च बसत नाही. रकमेपेक्षा ती कशाची आहे, हे लिहून घ्या. रिफाइनमेंट किती वेळा आणि किती वर्षांपर्यंत फुकट? हरवलेल्या ट्रेचे किती? रिटेनर धरलेत का? बदली झाली किंवा परदेशी जावं लागलं, तर स्कॅन आणि योजना हातात मिळेल का? खिसा आडवा येत असेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, मुंबई महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय आणि बांबोळीचं गोवा दंत महाविद्यालय इथे ऑर्थो विभाग आहेत. तिथे तारांचे उपचार खासगीपेक्षा खूपच स्वस्तात होतात. फेऱ्या आणि प्रतीक्षा जास्त, देखरेख मात्र तज्ज्ञांची.

घरी किट मागवून स्वतःच माप घ्यायचं आणि ट्रे कुरियरने यायचे, हा मार्ग आम्ही कुणालाच सुचवणार नाही. त्यात हिरडी कोणी मोजत नाही, मुळं कोणी बघत नाही आणि अटॅचमेंट नसल्याने अवघड हालचाल होतच नाही. या पद्धतीची सगळ्यांत गाजलेली अमेरिकन कंपनी, स्माइलडायरेक्टक्लब, डिसेंबर २०२३ मध्ये बंद पडली, तेव्हा अर्ध्या उपचारातले लोक तसेच अडकले.

वापरताना बिघडतं ते इथे

ट्रे घालताना आधी पुढचे दात बसवा, मग बोटांनी मागच्या दाढांवर दाबा. दात चावून बसवू नका, ट्रेला चीर जाते. काढताना दाढेच्या आतल्या बाजूने नख किंवा आकडी घालून आधी एक बाजू सोडवा, मग दुसरी. समोरून ओढलं की ट्रे फाटतो किंवा अटॅचमेंट निघतं. नवा ट्रे रात्री झोपताना घातला, तर पहिला ठणका झोपेत निघून जातो.

रोज आरशात एक जागा बघायची: दाताचं टोक आणि ट्रे यांच्यामध्ये हवेची फट आहे का? बहुतेकदा ती वरच्या, सुळ्याशेजारच्या लहान दातावर दिसते. फट असेल तर दात मागे पडला आहे. तारीख आली म्हणून पुढचा ट्रे घालू नका. मऊ रबरी चावणी दिवसातून दोन-तीनदा, ५-१० मिनिटं त्याच दातावर चावा, तोच ट्रे आणखी काही दिवस घाला, फट तरीही राहिली तर डॉक्टरांना फोटो पाठवा. फटीवर फट चढवत पाच ट्रे पुढे गेलात, तर सगळा संच वाया जातो. ट्रे हरवला तर आधीचा घाला आणि विचारा. त्यासाठी संपलेले शेवटचे दोन ट्रे नेहमी जपून ठेवा. आणि ट्रे कागदी नॅपकिनमध्ये कधीच गुंडाळू नका. हॉटेलातला वेटर ताटाबरोबर तो उचलून नेतो, आणि ट्रे हरवण्याचा सगळ्यांत नेहमीचा प्रकार हाच आहे.

धुवायला गार पाणी आणि मऊ ब्रश. टूथपेस्टने ओरखडे पडतात आणि ओरखड्यांत हळद बसते. जेवणानंतर चूळ न भरता ट्रे घातला, तरी दोन दिवसांत तो पिवळा दिसू लागतो. शेवटच्या ट्रेंमध्ये मागच्या दाढा टेकेनाशा वाटल्या तर लगेच सांगा. दाढांवर जवळपास दिवस-रात्र प्लास्टिक राहिल्याने असं होऊ शकतं आणि लवकर कळलं तर सावरता येतं.

दात सरळ झाले तरी रिटेनर सुटत नाही. हिरडीतले तंतू दाताला जुन्या जागी ओढत राहतात, आणि वयाबरोबर खालच्या दातांची गर्दी उपचार न केलेल्यांतही वाढत जाते. सुरुवातीचे काही महिने जेवण सोडून जवळपास पूर्ण वेळ, मग रोज रात्री, आणि हे 'रोज रात्री' दात तोंडात आहेत तोवर. रिटेनर झिजतो, तडकतो आणि पुन्हा करावा लागतो, तो खर्च धरून ठेवा. दातांच्या मागे चिकटवलेली बारीक तार हा दुसरा पर्याय. तिच्याखाली कीटण साचतं, म्हणून फ्लॉस थ्रेडरने (तारेखालून दोरा ओवायच्या सुईसारख्या साधनाने) साफ करावं लागतं. ती एका दातावरून सुटली तरी कळत नाही आणि तेवढाच दात गुपचूप वाकडा होतो. दर आठवड्याला जीभ फिरवून आणि बोटाने चाचपून बघायचं. कुठे टोचलं, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता जाऊन दाखवायचं.