लिंटचे नियम सगळ्या प्रोजेक्टला एकच ठेवायचेत? मग आधी एवढी तयारी करा

चार-पाच जणांची टीम, जुळे सोलापुरात दोन खोल्यांचं ऑफिस आणि हातात सहा-सात प्रोजेक्ट, कुठं टॉवेल एक्स्पोर्टवाल्याची ऑर्डरची साइट, कुठं क्लासवाल्यांचं ॲडमिशन पोर्टल, कुठं सुताच्या गोडाउनचा स्टॉक. प्रत्येकात ईएसलिंटची, म्हणजे जावास्क्रिप्ट कोडमधल्या चुका पकडणाऱ्या टूलची (ही तपासणी म्हणजेच लिंट), नियमांची फाईल वेगळी, कुणीतरी कधीतरी जुन्या प्रोजेक्टमधून उचलून टाकलेली. आता हे सगळं एका पॅकेजमध्ये आणायचं म्हटलं की लोक लगेच एडिटर उघडून बसतात, तसं करू नका, निम्मं काम कोडच्या बाहेरचं आहे.

सगळ्यात आधी बघा कुठल्या प्रोजेक्टला नोड (ब्राउझरच्या बाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं) कितवं आहे आणि ईएसलिंट कितवं. एप्रिल २०२४ ला ईएसलिंट ९ आलं, तेव्हापासून फ्लॅट कॉन्फिग, म्हणजे नियमांच्या फाईलीची नवी पद्धत, हेच डिफॉल्ट आहे, आणि ९ ला नोड किमान १८.१८ लागतं. एखाद्या क्लायंटच्या सर्व्हरवर अजून नोड १४ असेल तर तो प्रोजेक्ट सध्या बाजूला ठेवा, त्याच्यासाठी नवीन पॅकेज जुन्या ईएसलिंटआरसी पद्धतीनं लिहायच्या भानगडीत पडू नका.

मग नियम. इथं मीटिंग घ्यायची, पण मीटिंगच्या आधीच एक गोष्ट जाहीर करून टाकायची की सेमीकोलन, सिंगल कोट का डबल कोट, टॅब का स्पेस यावर कुणी तोंड उघडायचं नाही. ते सगळं प्रेटियरकडं, म्हणजे कोडची मांडणी आपोआप नीट करणाऱ्या टूलकडं. खुद्द ईएसलिंटनं २०२३ मध्ये, ८.५३ व्हर्जनपासून, फॉरमॅटिंगचे नियम डेप्रिकेट केलेत (पुढं वापरू नका म्हणून सांगितलंय), आपण कशाला त्यावरून भांडायचं. प्रेटियर वापरणार असाल तर त्याच्याशी भांडणारे नियम बंद करणारं ईएसलिंट-कॉन्फिग-प्रेटियर यादीत शेवटी जोडायचं, शेवटीच, मध्ये टाकलं तर त्याच्या नंतर येणारं कॉन्फिग ते नियम परत चालू करू शकतं.

फॉरमॅटिंग गेल्यावर उरतो तो खरा माल. पाया म्हणून ईएसलिंटचा स्वतःचा रेकमेंडेड संच घ्या, आणि त्यावर एक-एक नियम चढवताना विचारा, याच्यामुळं आपल्याकडं कुठला बग थांबला असता? उत्तर नसेल तर नियम नको. इक्इक्इक् म्हणजे eqeqeq चा नियम, दोनऐवजी तीन बरोबर लिहायला लावतो तो, हा माझ्या मते कुठल्याही टीमच्या पहिल्या पाचात पाहिजे. ऑर्डरच्या फॉर्ममध्ये टॉवेल किती डझन त्याचा बॉक्स गिऱ्हाइकानं रिकामाच सोडला, तर जावास्क्रिप्टमध्ये रिकामी स्ट्रिंग दोन बरोबरनं शून्याशी ताडली की उत्तर खरं येतं. म्हणजे "भरलंच नाही" आणि "शून्य डझन" हे प्रोग्रामला एकच, पहिल्याला एरर दाखवायचा असतो आणि दुसऱ्याला ती ओळ ऑर्डरमधून काढायची असते, आणि टेस्टिंगला बसलेला पोरगा म्हणणार, काय बे, माझ्याकडं तर चालतंय की. तीन बरोबर लावलं की हा घोळच होत नाही. फक्त नल तपासायला दोन बरोबर लिहायची सवय असेल तर तेवढी सूट ऑप्शनमध्ये देता येते. असा हिशोब ज्याचा मांडता येतो तोच नियम घ्या. मोठमोठ्या कंपन्यांची तयार कॉन्फिग जशीच्या तशी उचलायचा मोह होतो, पण मग पहिल्याच दिवशी स्क्रीन लालभडक आणि तिसऱ्या दिवशी सगळ्यांनी लिंट बंद केलेलं.

लाल स्क्रीनवरून आठवलं, टीममध्ये निम्मे विंडोजवर आणि निम्मे लिनक्सवर असतील तर ओळ संपल्याची खूण कुठली, एलएफ की विंडोजची सीआरएलएफ, ते आधी ठरवा. प्रेटियर २.० पासून डिफॉल्ट एलएफ मानतं, विंडोजवरचं गिट चेकआउट करताना सीआरएलएफ करून देतं, आणि प्रेटियर लिंटमधून चालवत असाल तर फाईलच्या प्रत्येक ओळीवर एरर. प्रत्येक रेपोत गिटॲट्रिब्यूट्सची फाईल टाकून एलएफ पक्कं करा.

पॅकेजचं नाव स्कोपखाली घ्या, म्हणजे @ लावून टीमचं नाव आणि स्लॅशनंतर ईएसलिंट-कॉन्फिग. थर तीनच: बेस, ब्राउझर, नोड. रिॲक्ट किंवा टाइपस्क्रिप्ट लागेल तसं वेगळ्या फाईलमधून. ग्लोबल्स, म्हणजे कोडमध्ये जाहीर न करताच मिळणारी नावं, सांगायला विसरू नका, नाहीतर विंडो आणि जुन्या साइटवर जेक्वेरीचा डॉलर दिसला की नो-अनडेफ हा अनोळखी नाव पकडणारा नियम बोंब मारतो. ईएसलिंट स्वतः पीअर डिपेंडन्सीत (म्हणजे ते प्रोजेक्टकडं असायला पाहिजे एवढंच सांगायचं), जास्तीचे नियम देणारे प्लगइन मात्र पॅकेजच्या आपल्या डिपेंडन्सीत. जुन्या पद्धतीत प्लगइन प्रत्येक प्रोजेक्टमध्ये इन्स्टॉल करावे लागायचे, आता पॅकेजच ते इंपोर्ट करून देतं. पण मग प्रोजेक्टनं तोच प्लगइन वेगळ्या व्हर्जनचा परत लावला तर "प्लगइन पुन्हा डिफाइन करता येत नाही" असा एरर येतो, हे रीडमीत ठळक लिहून ठेवा. आणि इग्नोर्स, म्हणजे लिंटनं वगळायच्या फाईलींची यादी: ज्या ऑब्जेक्टमध्ये फक्त इग्नोर्स असतं तेच सगळ्या प्रोजेक्टला लागू होतं, सोबत रूल्स टाकले की ते त्या ऑब्जेक्टपुरतंच. बिल्ड होऊन निघालेल्या कोडचा डिस्ट फोल्डर आपोआप वगळला जात नाही बरं का.

पॅकेज ठेवायचं कुठं? खाजगी रजिस्ट्रीचा खर्च नको असेल तर गिटच्या टॅगवरूनही एनपीएम (नोडची पॅकेज आणणारं टूल) इन्स्टॉल करतं, छोट्या टीमला पुरे. तपासताना एनपीएम लिंकवर, म्हणजे पॅकेजचा फोल्डर नुसता जोडून देण्यावर, भरवसा ठेवू नका, विसरलेली डिपेंडन्सी त्यात झाकली जाते. एनपीएम पॅक करून निघालेली फाईल एका खऱ्या प्रोजेक्टमध्ये टाकून बघा.

जुन्या प्रोजेक्टला लावायच्या आधी सप्रेशनची सोय समजून घ्या. ईएसलिंट ९.२४ पासून सप्रेस-ऑल चालवलं की आत्ताचे एरर एका फाईलमध्ये नोंदले जातात आणि पुढं फक्त नवीन चूक अडते. वॉर्निंग त्यात धरत नाही, म्हणून नियम एकतर एरर ठेवा नाहीतर बंद, वॉर्निंग कुणी वाचत नाही. कमिटच्या वेळी लिंट आपोआप चालवणारं हस्की लावाच, पण नो-व्हेरिफाय टाकून पोरं सटकतात, तेव्हा सीआयवर (कोड पुश केला की सर्व्हरवर आपोआप चालतं ते) मॅक्स-वॉर्निंग्स शून्य करून तीच तपासणी परत.

व्हर्जनचंही आधीच ठरवा. नवीन नियम एरर म्हणून आला की मेजर व्हर्जन, कारण त्यानं कुणाचंतरी बिल्ड पडणार. नियम सैल केला तर मायनर. कुणी एकच जण मालक, बाकीच्यांनी पुल रिक्वेस्ट टाकायची आणि त्यात बगचं उदाहरण जोडायचं. आणि पहिलं व्हर्जन गड्ड्याच्या, म्हणजे सोलापुरातल्या सिद्धेश्वर यात्रेच्या, आठवड्यात सोडू नका, निम्मी टीम होम मैदानावर असते, बिल्ड पडलं तर फोन उचलायला कुणी नसतंय.